पांडाजमध्ये लॉक की आयलॉक?
पांडाज ही पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी; तिच्यात ओळी निवडायच्या दोन रीती म्हणजे लॉक (loc) आणि आयलॉक (iloc). पुण्यातल्या पेठांचा डेटाफ्रेम, म्हणजे ओळी-कॉलमांचा तक्ता, घ्या: कसबा, सोमवार, रविवार, शनिवार, नारायण. इंडेक्स, म्हणजे ओळींची लेबलं, ० ते ४. लॉक[०:२] लिहिलं तर तीन ओळी येतात, आयलॉक[०:२] लिहिलं तर दोनच. लॉक लेबल बघतं आणि शेवटचं लेबलही धरतं. आयलॉक नुसती जागा मोजतं आणि शेवटची सोडतं, पायथनच्या लिस्टसारखं.

खरी गोची फिल्टरनंतर. कसबा गाळली की लेबलं १ ते ४ उरतात. आता लॉक[०] की-एरर (असं लेबलच नाही) देतं, आयलॉक[०] सोमवार पेठ. एरर परवडली हो! मूळ तक्ता नुसता सॉर्ट करून पहिली ओळ म्हणून लॉक[०] मागाल, तर बिनबोभाट भलतीच मिळेल. क्रमांक नव्याने हवेत तर रीसेट_इंडेक्स(ड्रॉप=ट्रू); ड्रॉप विसरलात की जुना इंडेक्स कॉलम होऊन बसतो.

अट लावून ओळी निवडायच्या तर लॉकच वापरा. आयलॉकला बूलियन सीरीज, म्हणजे अटीतून येणारी इंडेक्ससकट खरं-खोट्याची यादी, चालत नाही.