चारही इंजेक्टर बदलायला सांगितले तर
जुन्या डिझेल गाडीचे चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) गेलेत असं शोरूमने सांगितलं, तर लगेच होकार देऊ नका. पार्ट नंबर, किंमत, मजुरी आणि स्कॅनरवरचे एरर कोड लेखी मागा. मग धुळे-जळगावसारख्या जवळच्या शहरात ट्रक-ट्रॅक्टरचे पंप-नोझल करणाऱ्या चांगल्या डिझेल मिस्त्रीकडून रिटर्न टेस्ट करून घ्या. त्यात इंजिन चालू ठेवून प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी (उरलेलं डिझेल परत नेणारी) वेगळ्या बाटलीत सोडतात. ज्या बाटलीत डिझेल इतरांपेक्षा फार जास्त साचेल, तिचा इंजेक्टर झिजलेला. पुष्कळदा एखाददुसराच निघतो. घरी मात्र हे मुळीच करू नका, कॉमन रेलचा (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा) दाब १००० बारच्या वर जातो, बारीक धारसुद्धा कातडीत घुसते. आणि बदललेले जुने पार्ट मागून घ्याच.