८६० सेंटीमॉर्गनचं कोडं

डीएनए चाचणीच्या यादीत एक अनोळखी बाई माझ्याशी ८६० सेंटीमॉर्गन (सामायिक डीएनए मोजायचं एकक) जुळत होत्या. अहवालाचा अंदाज होता, सख्खं चुलत किंवा मावस भावंड. पण एवढी जुळणी सावत्र मावशीशी (आईची एकाच पालकाकडून बहीण), पणजीशीही होते. नुसत्या आकड्यावर विसंबू नये. मग आम्हा दोघांशी जुळणारी माणसं तपासली, सगळी आईकडची. एक्स गुणसूत्राचाही मोठा तुकडा जुळला, आणि पुरुषाला, म्हणजे मला, एक्स आईकडूनच मिळतं. बाजू ठरली, नातं नाही. म्हणून आईचीही चाचणी केली. तिची त्या बाईंशी जुळणी १,७५० सेंटीमॉर्गनच्या आसपास, म्हणजे सावत्र बहिणींइतकी, वयं सारखी, शिवाय एक अख्खं एक्स जुळलेलं. बाप आपलं एक्स मुलींना जसंच्या तसं देतो. थोडक्यात, दोघींचे वडील एक, आई वेगवेगळ्या.