लँथनाइडांची ऑक्सिडीकरण अवस्था काढताना या चुका टाळा

लँथनाइडांत (अणुक्रमांक ५७ ते ७१ ची मूलद्रव्यं) ६एस कक्षक, म्हणजे इलेक्ट्रॉनांची एक जागा, ४एफच्या आधी भरतो, म्हणून रिकामा होताना आधी ४एफ होणार, हा गैरसमज सगळ्यात जास्त नडतो. आधी ६एसचे दोन्ही इलेक्ट्रॉन जातात. ५डीत एखादा असेल तर तिसरा तिथून, नाहीतर ४एफमधून. निओडिमिअमच्या (अणुक्रमांक ६०) ४एफमध्ये ४ आणि ६एसमध्ये २ असतात; तीन गेले की ४एफमध्ये ३ उरतात. ३+ आयनाच्या ४एफमधल्या इलेक्ट्रॉनांचा ताळा करायचा तर अणुक्रमांकातून ५७ वजा करा. पण ताळा जुळला म्हणून अणूचं संरूपणही (इलेक्ट्रॉनांची मांडणी) बरोबर, असं समजू नका: निओडिमिअमला चुकून ५डीत एक इलेक्ट्रॉन दिला तरी आयनाचं उत्तर तेच येतं! तो फक्त लँथॅनम, सिरिअम, गॅडोलिनिअम आणि ल्युटेशिअमलाच द्यायचा.

‘अर्धपूर्ण म्हणून स्थिर’ हे घोकलेलं वाक्य युरोपिअम २+ आणि टर्बिअम ४+ यांना चालतं, दोन्हींत ४एफमध्ये ७, म्हणजे १४ च्या निम्मे. मग समॅरिअम २+ चं काय? तिथे ६ आहेत, तरी तो आयन मिळतो. खरा हिशेब ऊर्जेचा. युरोपिअमची तिसरी आयनन ऊर्जा (तिसरा इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) मोलला सुमारे २४०४ किलोज्यूल, शेजारच्या गॅडोलिनिअमची १९९०. कारण पहिल्यात अर्धपूर्ण ४एफ मोडावा लागतो, दुसऱ्यात ५डीतला एकटा इलेक्ट्रॉन निघतो. हा खर्च जालक ऊर्जेतून (आयनांचा स्फटिक बनताना सुटणारी) किंवा जलयोजन ऊर्जेतून (आयनाभोवती पाणी जमताना सुटणारी) किती भरून निघतो, त्यावर अवस्था ठरते.

जस्ताने युरोपिअम ३+ चं २+ होतं, समॅरिअमचं होत नाही. दुसरं जस्त आणून उपयोग नाही. प्रमाण विभव पाहा (ज्याचं जास्त ऋण, ते दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देऊ शकतं): युरोपिअम −०.३५, जस्त −०.७६, समॅरिअम −१.५५ व्होल्ट. क्षपणानंतर (३+ चं २+ झाल्यावर) सल्फेट घालूनही युरोपिअमचा पांढरा साका दिसत नसेल, तर आधी हवेचा संशय घ्या; तिच्यामुळे २+ चं परत ३+ होतं. द्रावण नायट्रोजनखालीच ठेवायला हवं.

वजनातली चूक मात्र कागदावर दिसत नाही. प्रेझिओडिमिअमच्या बाजारात मिळणाऱ्या काळपट ऑक्साइडमध्ये ६ धातुअणूंमागे ११ ऑक्सिजन असतात, म्हणजे चार अणू ४+ आणि दोन ३+. १० मिलिमोल धातूसाठी १.७०२ ग्रॅम लागतं. सगळं ३+ धरून १.६४९ ग्रॅम घेतलं, की धातू ३ टक्के कमी पडतो.