चंद्रपूरच्या उन्हाळ्यासाठी टॉर्चचं फर्मवेअर बदलताना

ॲन्ड्युरिल हे टॉर्चसाठीचं मुक्त फर्मवेअर, म्हणजे टॉर्चच्या चिपमध्ये चालणारा प्रोग्रॅम. टॉयकीपर या नावाने लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरचं हे काम, जीपीएल ३ या मुक्त परवान्याखालचं. एका बटनात दीडशे पायऱ्यांचा उजेड, बॅटरीचं व्होल्टेज, तापमान, सगळं बसवलंय. माझं त्याच्यावर प्रेम आहे. पण ज्या टॉर्चच्या ड्रायव्हरवर (एलईडी चालवणाऱ्या सर्किटवर) एटीटायनी १६३४ किंवा ८५ ही चिप आहे, तिथे फॅक्टरी रीसेट केलं की कोड गृहीत धरतो, आत्ता खोलीत २१ अंश आहेत. चंद्रपुरात मे महिन्यात रात्री दहालासुद्धा माझ्या खोलीत ३६ असतात!

फरक १५ अंशांचा. टॉर्चला वाटतं आपण ४५ च्या मर्यादेवर आहोत, आता उजेड कमी करू, आणि प्रत्यक्षात ॲल्युमिनियमची बॉडी ६० ला पोचलेली असते. चार एलईडींना फेटमधून (ट्रान्झिस्टरच्या स्विचमधून) थेट बॅटरी जोडणाऱ्या एमिसार डी४व्ही२ सारख्या छोट्या टॉर्चमध्ये ६० गाठायला फार वेळ लागत नाही. चिपमधला तापमानाचा सेन्सर प्रत्येक नगात थोडा वेगळं मोजतो, म्हणून कुठलातरी एक आकडा धरून तो जुळवावाच लागतो. त्यात टॉयकीपरची चूक नाही. एटीटायनी १६१६ च्या पिढीत सेन्सर कारखान्यातूनच जुळवलेला येतो, त्यामुळे ती टॉर्च असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

फक्त एकदाच दुरुस्ती हवी असेल तर कोडला हात लावू नका. बॅटरी काढून टॉर्च तासभर खोलीत पडू द्या, म्हणजे बॉडी आणि खोली एका तापमानाला येतील. मग बॅटरी घाला. बंद टॉर्चवर दहा क्लिक, दहावा दाबून धरलेला: साध्या मोडमधून ॲडव्हान्स्ड मोड. तीन क्लिकने व्होल्टेज, तिथून दोन क्लिकने तापमान. तापमान दिसताना सात क्लिक, सातवा दाबून धरा, पहिली लुकलुक झाली की सोडा. टॉर्च फडफडायला लागली की जेवढे अंश, तेवढे क्लिक. हो, ३६ क्लिक. अंगठा दुखतो. दुसऱ्या लुकलुकीवर सोडलं तर तापमानाची मर्यादा बदलता येते. तिथे ३० अधिक जितके क्लिक तितकी. १५ क्लिक म्हणजे ४५, आणि मी तिच्या वर जात नाही.

पण पुढच्या रीसेटला पुन्हा २१. मित्रांच्या टॉर्च माझ्याकडे येतात आणि त्यांना रीसेट करायची भारी हौस, म्हणून मी आकडाच बदलते.

बंद टॉर्चवर पंधरा क्लिक केले की ती आपला मॉडेल क्रमांक आणि आवृत्ती लुकलुकून सांगते. तो कागदावर लिहा. एकाच मॉडेलचे फेटवाले आणि बिनफेटचे बिल्ड (तयार प्रोग्रॅम) वेगळे असतात, अंदाजाने निवडू नका. मग ॲन्ड्युरिलचा सोर्स (मूळ कोड) उतरवा, लिनक्सवर एव्हीआर-जीसीसी आणि एव्हीआर-लिबसी ही चिपसाठी प्रोग्रॅम तयार करणारी साधनं टाका. ॲन्ड्युरिलच्या फोल्डरमध्ये फॅक्टरी-रीसेट नावाची सी फाइल आहे. तिच्यात २१ शोधा, ३२ करा.

३६ का नाही? समजा कोणी जानेवारीत २० अंशांच्या खोलीत रीसेट केलं. टॉर्चला वाटेल ३२ आहेत, ती लवकर मंद होईल. त्रासदायक, पण हात भाजत नाही. मेमध्ये उलट बाजूला चार अंशांचीच चूक राहते. चूक व्हायचीच असेल तर थंड बाजूला व्हावी, एवढाच हिशोब.

मेक स्क्रिप्टला आपल्या मॉडेलचं नाव देऊन चालवा, चिपमध्ये भरायची हेक्स फाइल मिळेल.

आता चिपमध्ये भरणं. यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर (संगणकातून चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारं छोटं उपकरण) आणि स्प्रिंगवाल्या पोगो पिनांचा ॲडॅप्टर लागतो. डी४व्ही२ ची नळी उघडली की ड्रायव्हरवर गोल पॅड दिसतात, सोल्डरिंगची गरज नाही. बॅटरी बाहेर. हे पुन्हा सांगते: बॅटरी बाहेर, कारण चिपला वीज प्रोग्रॅमरकडूनच मिळते आणि दोन स्रोत एकमेकांत घुसवायचे नसतात. एलईडीचं तोंड स्वतःकडे धरू नका.

संगणकावरच्या एव्हीआरड्यूड या प्रोग्रॅमला प्रोग्रॅमर यूएसबीएएसपी आणि चिप टी१६३४ सांगून आधी फक्त विचारा, कोण आहेस? उत्तरात १६३४ ची सिग्नेचर (ओळख क्रमांक) १ई ९४ १२ यायला हवी. नाही आली तर पिना नीट टेकलेल्या नाहीत, थोडं दाबून बघा. स्वस्त क्लोनवर 'एससीके पिरियड सेट करता येत नाही' अशी तक्रार येते, ती सोडून द्या. सिग्नेचर आली की चिपमधला जुना प्रोग्रॅम (फ्लॅश) वाचून फाइलमध्ये ठेवा. आता नवी हेक्स लिहा. पडताळणी प्रोग्रॅम स्वतःच करतो, तोवर हात हलवू नका.

फ्यूजना (चिपच्या मूळ सेटिंग्जच्या बिट्सना) मात्र हात लावायचा नाही. रीसेट पिन बंद करणारा फ्यूज चुकून लागला तर हा प्रोग्रॅमर पुन्हा त्या चिपशी बोलू शकत नाही.

नवी हेक्स लिहून झाली की सेटिंग्ज पुसली गेलेली असतात. टॉर्च खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग बंद असताना तेरा क्लिक, तेरावा दाबून धरा आणि फडफड संपेपर्यंत सोडू नका. नंतर तापमान विचारा: ३२ सांगायला हवं, मग खोलीत काहीही असो. खोलीत खरंच ३६ असतील तर वर सांगितलेले क्लिक करून ते चार अंशही जुळवून घ्या.

बिल्ड मित्राला दिला तर बदललेला सोर्सही द्या, परवान्याची तशी अट आहे. आणि घरात कोणाच्या हातात टॉर्च देण्याआधी बंद असताना दहा क्लिक करून ती साध्या मोडमध्ये ठेवा. सासूबाईंना दीडशे पायऱ्या नको असतात, त्यांना गच्चीवरची वडी वाळली का बघायचं असतं.