गाडीच्या काचांवर रेघा न उरता त्या कशा पुसाव्यात

काचा पुसून झाल्यावर सावलीत सारे स्वच्छ दिसते. पण मावळतीचे ऊन समोरून आले किंवा रात्री घाटात समोरच्या ट्रकचे दिवे पडले की तीच काच धुरकट होते आणि तिच्यावर फडक्याच्या फिरण्याच्या रेघा उमटतात. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. अशा काचेवर प्रकाश विखुरतो आणि रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस उशिरा नजरेस पडतो, म्हणून गाडीच्या रंगाला चकाकी आणण्यापेक्षा काचा नीट पुसणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

रेघा उरतात त्या जोर कमी पडल्यामुळे नव्हे. काचेवरचे पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार, साबण, तेलकट मळ आणि बारीक धूळ मागे राहते. फडके जसे फिरले असेल तशी ही शिल्लक पसरते. त्यामुळे अधिक घासून किंवा अधिक साबण लावून काम बिघडतेच. काचेवर लावलेला द्रव तिथेच सुकू न देता, मळासकट कापडाने उचलून घेणे एवढेच साधायचे असते.

पाण्यापासून सुरुवात करावी, कारण आपल्याकडे निम्मी अडचण तिथेच असते. दख्खनच्या पठारावर बोअरवेलचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार काचेवर पांढुरके ठिपके सोडतात. घरच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक जण ते गाडीसाठी साठवतात. पाणी वाचवण्याची ही वृत्ती चांगलीच आहे. मात्र त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षार असतात, तेव्हा ते चाकांसाठी वापरावे, काचेच्या शेवटच्या हातासाठी वापरू नये. त्या हातासाठी बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी सर्वांत उत्तम. ते सुट्या भागांच्या दुकानात स्वस्तात मिळते आणि सगळ्या काचांना मिळून एक पेलाभर पुरते.

पुसण्याचा द्रव घरीच करता येतो. 400 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात 100 मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून ते फवाऱ्याच्या बाटलीत भरावे. अल्कोहोल तेलकट थर सोडवते, लवकर उडून जाते आणि मागे काही ठेवत नाही. ते ज्वालाग्राही असल्यामुळे गाडीची दारे उघडी ठेवून आणि आगीपासून दूर वापरावे. यात भांड्यांच्या साबणाचा थेंबही घालू नये. बाजारातला तयार द्रव घेत असाल आणि काचेवर फिल्म लावलेली असेल, तर अमोनिया नसलेलाच निवडावा, कारण अमोनियामुळे फिल्म खराब होते.

कापडे दोन लागतात आणि दोन्ही मायक्रोफायबरची, आखूड लवीची असावीत. पहिले किंचित ओलसर, मळ उचलण्यासाठी. दुसरे पूर्ण कोरडे, उरलेला ओलावा टिपण्यासाठी. कापडाला दोनदा घडी घातली की आठ स्वच्छ बाजू मिळतात आणि प्रत्येक काचेला नवी बाजू वापरता येते. जुन्या बनियनचे किंवा टॉवेलचे फडके धागे सोडते. वर्तमानपत्राचा बोळा शेवटच्या पुसण्याला चालतो, पण त्याची शाई दाराच्या फिक्या अस्तराला आणि रबराला लागते, म्हणून हाताशी चांगले कापड असेल तर कागदाची गरज नाही.

काम सकाळी लवकर किंवा सावलीत करावे. काच हाताला गरम लागत असेल तर द्रव पुसण्याआधीच सुकतो आणि मग कोणतीही युक्ती उपयोगी पडत नाही. आधी गाडी धुवावी, डॅशबोर्ड पुसून घ्यावा आणि काचा सर्वांत शेवटी घ्याव्यात, नाहीतर पुसलेल्या काचेवर पुन्हा शिंतोडे उडतात.

बाहेरच्या बाजूची धूळ कोरड्या फडक्याने कधीही झटकू नये. त्या धुळीत वाळूचे कण असतात आणि त्यांनी काचेवर चरे पडू शकतात; ती आधी भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्यावी. किनाऱ्यावरून आलेल्या गाडीला हे विशेष लागू आहे, कारण समुद्राच्या वाऱ्याने बसलेले मीठ साध्या पाण्यात सहज विरघळते, मात्र पाणी सढळ हवे. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली उभ्या केलेल्या गाडीवर तुडतुड्यांचा चिकटा पडतो; तो खरवडून काढण्याऐवजी कोमट पाण्यात भिजवलेले कापड त्यावर काही मिनिटे ठेवावे, म्हणजे तो आपसूक सुटतो. यानंतर दाराची काच दोन बोटे खाली घेऊन तिची वरची कड पुसावी, कारण रबरात दडलेला मळाचा पट्टा तिथेच असतो, आणि मग काच वर करून वरून खाली पुसत यावे.

आतली बाजू अधिक चिवट असते. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून बाष्पशील द्रव्ये बाहेर पडतात आणि समोरच्या काचेवर त्यांचा पातळ, तेलकट थर जमतो. नव्या गाडीत आणि विदर्भासारख्या कडक उन्हाळ्याच्या भागात तो लवकर जाणवतो. डॅशबोर्डला लावलेले चकाकीचे पॉलिश, सिगारेटचा आणि उदबत्तीचा धूर यांची त्यात भर पडते. सुवासासाठी गाडीत कापराच्या वड्या ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. कापूर थेट वाफ होऊन उडतो आणि थंड काचेवर पुन्हा बसू शकतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र सहज विरघळतो. नुसत्या ओल्या फडक्याने आतली काच स्वच्छ होत नाही याचे कारण हेच, की तेलकट थर पाण्याने केवळ सरकतो.

आत द्रव काचेवर न फवारता कापडावर फवारावा, म्हणजे तो डॅशबोर्डच्या फटींत आणि स्पीकरच्या जाळीत उतरत नाही. समोरच्या काचेसाठी चालकाशेजारच्या आसनावर बसावे. स्टिअरिंग आड येत नाही. काच आणि डॅशबोर्ड जिथे मिळतात त्या अरुंद कोपऱ्यात बोटे वळत नाहीत, तिथे तळहात वर करून हाताच्या पाठीने कापड दाबत न्यावे. फास्टॅग आणि आरशामागचा कॅमेरा यांच्याभोवती कापड जेमतेम ओलसर असावे. जुन्या स्टिकरचा गोंद खोबरेल तेलाने मऊ करून काढता येतो, त्यानंतर तेथे अल्कोहोलचा हात फिरवावा.

बाहेरून उभे आणि आतून आडवे हात मारावेत. नंतर रेघ दिसलीच तर तिच्या दिशेवरून ती कोणत्या बाजूला आहे हे कळते. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचे दव घालवणाऱ्या, तारा असतील तर त्यांना आडव्या हाताने धक्काही लागत नाही, कारण त्या बहुधा आडव्याच असतात. पुसून झाल्यावर काचेवर तोंडाची वाफ सोडावी: उरलेला थर असेल तर वाफेत पट्टे उमटतात, आणि तेवढाच भाग पुन्हा पुसला की पुरते.

पाण्याचे जुने पांढरे ठिपके यानेही जात नाहीत. त्यांच्यावर पांढऱ्या व्हिनेगारमध्ये भिजवलेले कापड थोडा वेळ ठेवावे आणि मग स्वच्छ पाण्याने धुवावे. व्हिनेगार रंगावर सुकू देऊ नये. शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल गाडीजवळ आणूच नये. पावसाळ्यात काचेवर तंबाखू किंवा चिरलेला बटाटा चोळण्याचा उपाय काही चालक करतात. त्याने पाणी थोडा वेळ पसरून वाहते, पण मागे राहणारा थर रात्री दिव्यांत चमकतो, आणि नेमके तेच टाळायचे आहे.

समोरच्या काचेवर कमानीसारखी रेघ उरत असेल तर दोष वायपरचा आहे. त्याचे रबर ओल्या कापडाने, काळे निघणे थांबेपर्यंत पुसावे. ते कडक झाले किंवा त्याला भेगा गेल्या असतील तर पावसाळ्याआधी बदलावे.

सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या माणसाच्या हाती बहुधा एकच बादली आणि एकच फडके असते, आणि त्यावर दहा गाड्यांची धूळ असते. काचांपुरती आपली दोन कापडे त्यांना द्यावीत. ही कापडे वेगळी धुवावीत, कपड्यांना मऊपणा आणणारे द्रावण त्यांना लावू नये, कारण त्याचा अंश धाग्यांवर बसतो आणि पुढच्या वेळी काचेवर उतरतो. धूळ नसलेल्या जागी वाळवून ती बंद पिशवीत ठेवावीत, आणि लव झिजली की चाके पुसायला घ्यावीत.