हिरवी कॅण्डल, तरी शेअर खाली : चार्ट वाचायला बसण्याआधी

ठाण्याहून स्लो लोकल पकडून मोबाइलवर बाजार बघत असाल, तर ९:१५ ला सुरू झालेली पाच मिनिटांची कॅण्डल (तेवढ्या वेळातली भावाची हालचाल दाखवणारी चार्टवरची उभी पट्टी) ९:२० वाजेपर्यंत कच्ची समजा. मुलुंडला हिरवी दिसलेली भांडुपला लाल झालेली असते.

लाइन चार्ट फक्त बंद भाव जोडतो. गाडी ठाण्याहून सुटली, सीएसएमटीला पोचली, एवढंच तो सांगतो. कुर्ल्याला किती रखडली, ते नाही. दोन-चार वर्षांचा कल बघायला तेवढं पुरतं.

बार आणि कॅण्डलमध्ये चार भाव असतात : ओपन (उघडतानाचा), हाय (सर्वांत वरचा), लो (सर्वांत खालचा), क्लोज (बंद होतानाचा). बार म्हणजे उभी रेघ; तिच्यावर डावी काडी ओपन, उजवी क्लोज. कॅण्डलची बॉडी, म्हणजे जाड भाग, ओपन ते क्लोज; विक, म्हणजे वरखालची बारीक रेघ, हाय-लोपर्यंत. क्लोज ओपनच्या वर तर हिरवी, खाली तर लाल. नवखे हमखास चुकतात ते रंगात. काल १०० ला बंद झालेला शेअर आज ९४ ला उघडून ९७ ला बंद झाला, तर कॅण्डल हिरवी आणि शेअर ३ रुपये खाली! रंग आजच्या ओपनवरून ठरतो, कालच्या क्लोजवरून नव्हे.

तासाच्या चार्टवरही एक गोम आहे. ९:१५ ते ३:३० म्हणजे ३७५ मिनिटं. त्यात सहा कॅण्डल पूर्ण तासाच्या, सातवी पंधराच मिनिटांची. तिचा व्हॉल्यूम (किती शेअरची उलाढाल झाली तो आकडा) कमी दिसला म्हणून 'जोर संपला' म्हणू नका.

हायकिन आशी हा सरासरीवर काढलेल्या कॅण्डलचा चार्ट दिसायला गुळगुळीत, म्हणून मोह पडतो. पण त्यावरचा क्लोज ही चार भावांची सरासरी असते. ओपन १००, हाय ११०, लो ९८, क्लोज १०४ असेल, तर तिथे १०३ दिसेल. कल बघायला खुशाल वापरा, स्टॉपलॉसचा (तोटा आवरायला जिथे विकायचं त्या भावाचा) आकडा मात्र साध्या कॅण्डलवरूनच घ्या.

रेन्को चार्टवर भाव ठरावीक रुपयांनी हलला की एक वीट पडते; त्यात वेळच नसते. वीट १० रुपयांची ठेवली आणि शेवटची चढती वीट ५०० ते ५१० असली, तर उतरती वीट ४९० आल्याशिवाय पडत नाही. भाव ४९२ पर्यंत घसरला तरी चार्ट ढिम्म, आणि तोवर शेअरमागे १८ रुपये गेलेले.

जुन्या चार्टवर रेषा ओढण्याआधी बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक तुकडे) यांचं समायोजन झालंय का, म्हणजे जुने भाव त्याच प्रमाणात कमी केलेत का, ते तपासा. एकास एक बोनसनंतर भाव साधारण निम्मा होतो. समायोजन नसेल तर तिथे मोठी पडझड दिसते, जी झालेलीच नसते.