बीपीए आणि रोपांची जनुकं: या चुका टाळा

आमच्या नवी मुंबईत एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी कुणीतरी बीपीए (बिस्फेनॉल-ए) निवडतंच. पॉलिकार्बोनेट प्लास्टिकमधलं, प्राण्यांच्या शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची नक्कल करणारं हे रसायन. मुगाच्या रोपांना ते द्यायचं, आरएनए (चालू जनुकांची पेशीत बनणारी प्रत) काढायचा आणि कोणत्या जनुकांचं काम वाढलं-घटलं ते बघायचं. विषय मोलाचा आहे, पण माती होते ती कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी बीपीए न देता वाढवलेल्या रोपांमध्ये.

वाशीच्या एका विद्यार्थिनीला कंट्रोल आणि सर्वांत कमी डोस यांच्यात फरकच दिसेना. दोष बियाण्यावर गेला, मग किटवर. मी विचारलं, पाणी कशात ठेवतेस? पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांत, त्याही पुन्हा पुन्हा ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या). म्हणजे कंट्रोललाही बीपीए मिळत होतंच! स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनाही यीस्ट इस्ट्रोजेन बनवतं असं वाटलं होतं. ते बीपीए निघालं, ऑटोक्लेव्ह केलेल्या पॉलिकार्बोनेट फ्लास्कमधून उतरलेलं. हे 1993 सालीच छापून आलंय, तरी मुलं वाचत नाहीत. मी बीपीएच्या कामात काचेशिवाय काहीही वापरू देत नाही. काच महाग पडते, फुटते, चालेल.

बीपीए इथेनॉलमध्ये विरघळवलंत तर तेवढंच इथेनॉल कंट्रोललाही द्या.

दुसरी चीड आणणारी चूक वेळेची. कंट्रोलची पानं सकाळी दहाला तोडायची, बाकीची जेवून आल्यावर. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपामध्ये जवळपास एक तृतीयांश जनुकं दिवसाच्या घड्याळाप्रमाणे वर-खाली होतात. मग दिसलेला फरक बीपीएचा की दुपारचा? दोघांनी मिळून सगळे नमुने एकाच वेळी तोडा आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. घाई असेल तर रोपं कमी लावा, वेळ पाळा.

डोस इतका वाढवू नका की रोप मरायला टेकेल. मग जनुकं फक्त विषबाधेची गोष्ट सांगतात.

क्यूपीसीआरला (जनुकाचं काम किती चाललंय ते मोजणाऱ्या चाचणीला) ट्युब्युलिन हे एकमेव संदर्भ जनुक, म्हणजे ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची ते स्थिर जनुक, घेऊ नका. ट्युब्युलिनपासून पेशीतल्या सूक्ष्मनलिका बनतात आणि बीपीए त्याच विस्कटतं. मी निदान दोन संदर्भ जनुकं घेते आणि ती प्रत्येक डोसला स्थिर राहतात का, हे आधी तपासते.

आणि वनस्पतींत इस्ट्रोजेन रिसेप्टरचं (इस्ट्रोजेन ज्याला चिकटतं त्या प्रथिनाचं) जनुक शोधत बसू नका, ते त्यांच्यात नसतंच. त्यांचं स्वतःचं स्टेरॉइड संप्रेरक, ब्रॅसिनोस्टेरॉइड, पेशीच्या पटलावरच्या बीआरआय-1 या रिसेप्टरला चिकटतं. सुरुवात ऑक्सिन या वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांपासून करा.